इथे ठोकळा

ते बोलता बोलता मध्येच थांबायचे, शर्टाच्या खिशात हात घालायचे, आगपेटीएवढा एक लाकडी ठोकळा काढून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "इथे ठोकळा." मग ठोकळा परत खिशात आणि गोष्ट पुढे चालू. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्या दिवशी खात्रीच झाली. आठवड्याभराने कळलं की ठोकळ्याचा अर्थ 'इथलं मला माहीत नाही' असा आहे. तेव्हा मात्र मी घाबरले. मी नुकतीच भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून नोकरीला लागले होते आणि माझ्या बोलण्यात असे ठोकळे ठेवायचे म्हटले असते तर टेम्पो मागवावा लागला असता.

त्यांना हाक काय मारायची हाही प्रश्नच होता. 'सर' म्हटलं की ते मागे वळून पाहायचे, मागे कुणी सर उभे असावेत तसे. शेवटी म्हणाले, "काका म्हण. तुझे वडील फॅक्टरीत, मी खाणीत. दोघांच्या बायकांना कपडे धुवायचा त्रास सारखाच." माझे वडील जबलपूरच्या तोफा-गाड्यांच्या कारखान्यात होते. घरात मराठी सगळ्यांना कळायची, बोलायची फक्त आई. त्यामुळे काकांशी मी अर्धं हिंदीत बोलायची आणि ते उत्तर मुद्दाम मराठीतच द्यायचे.

आमच्या कंपनीला जबलपूरहून जीपने अडीच तासांवरच्या एका डोंगरावर दोन तळी बांधायची होती, एक माथ्यावर आणि एक पायथ्याशी. सूर्याची वीज दुपारी उदंड असते आणि दिवे लावायच्या वेळी सूर्य घरी गेलेला असतो. म्हणून दुपारच्या विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी डोंगरातल्या बोगद्यातून खाली सोडून वीज करायची. कल्पना साधी आहे. फक्त डोंगराला ती मान्य आहे का, हे आधी विचारावं लागतं. ते विचारायचं काम आमचं होतं.

काकांना बोलावलं त्याला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी याच डोंगरावर एका धरणासाठी पाच बोअर पाडले होते. धरण काही झालं नाही. पण ते बोअर पाडून घेणारा तरुण भूवैज्ञानिक म्हणजे काका, आणि ती त्यांची पहिली नोकरी. पुढे आयुष्यभर त्यांनी कोळसा शोधला, निवृत्त झाले आणि जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहायला आले. कंपनीने जुन्या सरकारी गोदामातून त्या पाच बोअरच्या पेट्या शोधून काढल्या आणि तिथल्याच रिछाईतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणून लावल्या.

बोअर पाडताना पोकळ नळी जमिनीत फिरवत नेतात आणि नळीत अडकून दगडाच्या कांड्या वर येतात. त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने खाच पाडलेल्या लाकडी पेट्यांत मांडायच्या, डावीकडून उजवीकडे. काका त्या पेट्यांपुढे पाट टाकून मांडी घालून बसायचे. एका हाताला पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात दाढीचा ब्रश. कांडी ओली केल्याशिवाय तिचा खरा रंग दिसत नाही, म्हणून ते प्रत्येक कांडीला ब्रशने पाणी लावायचे, गालाला साबण लावावा तितक्या प्रेमाने. एखादी जागा संशयाची वाटली तर जीभ लावायचे. "चिकटली तर माती, नाही चिकटली तर दगड. लॅबवाले हेच पंधरा दिवसांनी सांगतात." मीही एकदा जीभ लावून पाहिली. चिकटली, आणि मला फार आनंद झाला.

ठोकळ्याचं मूळही तिथेच होतं. कधी कधी आतली माती मऊ असते, नळीतल्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि हाती काहीच लागत नाही. तिथे पेटीत मागचीपुढची कांडी जुळवून ठेवायची नाही. रिकाम्या जागी लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर लिहायचं, इथपासून इथपर्यंत काही मिळालं नाही.

"कळलं का?" काका म्हणाले. "दगड कुणीही वाचून देईल. जे वर आलंच नाही, त्याची जागा राखून ठेवणं, हे आपलं काम. लोक ती जागा बुजवून टाकतात."

"काहून बुजवतात?" मी 'का'साठी त्यांचाच शब्द वापरून विचारलं.

"पेटी भरलेली सुंदर दिसते ना," ते म्हणाले आणि ब्रश झटकला.

एकदा शहरातच चेरीतालला एका लग्नात आम्ही दोघं शेजारी जेवायला उभे होतो. तिथे स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक ओळखीचे गृहस्थ काकांना गाठून म्हणाले, "काका, अब तो कोयला बंद. सूरज की बिजली, हवा की बिजली. तुमची लाइनच संपली म्हणायची. रिटायर झालात ते बरं झालं."

काकांनी त्यांच्या हातातला फोन अलगद काढून घेतला. "ही काच कशाची? वाळूची. आतली तार? तांब्याची. बॅटरीत लिथियम आहे, ग्रॅफाइट आहे. बाहेर तुमची ती बिनआवाजाची स्कूटर उभी आहे, तिच्या मोटरीत चुंबक आहे. हे सगळं काय आकाशातून पडून राहिलं? सूर्य फुकट आहे हो, पण त्याला धरायला जे लागते ते सगळं जमिनीतून काढावं लागते. आणि पवनचक्की फिरते हवेत, पण पाय कुठे ठेवते?"

"म्हणजे खाणी राहणारच?"

"राहणार. किती राहतील, आणि कोणाच्या गावाखाली राहतील..." काकांचा हात खिशात गेला. गुलाबजामच्या वाटीशेजारी ठोकळा ठेवून ते म्हणाले, "इथे ठोकळा." त्या गृहस्थांनी फोन परत घेतला आणि ते आइसक्रीमच्या रांगेकडे निघून गेले.

परतताना मी त्यांना विचारलं, आयुष्यभर कोळसा शोधला याचं वाईट वाटतं का. असले प्रश्न विचारायची मला वाईट खोड आहे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्या घरातला दिवा त्याच्यावरच लागला. तुझ्या बापाची मशीन त्याच्यावरच चालली. त्याची मला लाज नाही. पण धूर झाला तो झाला ना. वाट मी दाखवली, मग दुसरी वाट शोधायला मी घरी बसून कसं चालेल?" एवढं बोलून ते दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत शिरले आणि प्रत्येक घराच्या पायरीचा दगड कोणता हे मला सांगू लागले. त्या गल्लीतल्या माणसांपेक्षा पायऱ्यांशी त्यांची जास्त ओळख होती.

त्यांच्या घरी मी बरेचदा जेवायला जायची. काकू नागपूरच्या. त्यांच्या तोंडून एक गोष्ट मी निदान सहा वेळा ऐकली असेल आणि सातव्यांदा ऐकायलाही माझी तयारी होती. काका त्यांना पाहायला आले तेव्हाची.

"हे आले ना, तर डोंगरावरून थेट बस धरून आले. दाढी वाढलेली. आणि बूट? घोट्यापर्यंत लाल. माझ्या आईने सकाळीच ओटा घासून, धुऊन ठेवलेला. हे आपले लाल लाल पाय उमटवत आत. आईने तो ओटा दोनदा धुतला. दुसऱ्यांदा धुताना म्हणे, मुलगा नोकरीवाला आहे, पण बुटाला माती लागली हे त्याला कळत नाही, बायकोकडे काय पाहणार हा?"

"मग तुम्ही हो काहून म्हटलं?" मी दर वेळी विचारायची.

"त्यांनी नाही विचारलं स्वयंपाक येते का. त्यांनी विचारलं, तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या थराला लागलं." काकू हसायच्या. "म्हटलं, हा माणूस घरात पाहतच नाही. माझ्या चुका काढणार नाही."

काका या गोष्टीला हसायचे नाहीत. ताटाकडे पाहत जेवायचे. मी त्याला लाजणं समजले. काकूंची आणखी एक तक्रार होती, शर्ट धुवायला टाकताना खिशातला तो लाकडाचा तुकडा रोज काढून ठेवायचा. "लग्न झालं तेव्हापासून हाच एक तुकडा. कोपरे झिजले त्याचे. विचारलं तर म्हणतात, कामाचा आहे."

शेडमध्ये आमचं काम चाललं होतं ते असं: एक नंबरचा बोअर, दोन नंबर, मग पाच नंबर, मग तीन नंबर. मग पुन्हा एक नंबर. चार नंबरच्या पेट्या भिंतीशी तशाच होत्या. मी दोनदा त्यावरची धूळ पुसली. "काका, चार?"

"राहू दे. तो काही पळून नाही चालला."

माझी उत्सुकता चाळवायला एवढं पुरे होतं. मी चार नंबरचं जुनं टिपण काढून वाचलं. चाळीस वर्षांपूर्वीचं, मोत्यांसारखं अक्षर. वरपासून खालपर्यंत सलग, कठीण काळा दगड. एकही ठोकळा नाही. खाली काकांची सही. एवढा चांगला बोअर आणि त्याकडे हे पाठ फिरवतात काहून, ते मला कळेना. आमच्या मॅनेजरला मात्र तोच फार आवडला. तो शेडमध्ये येऊन म्हणाला, "सर, चार नंबर तो एकदम बढ़िया है. टनल का मुँह वहीं रख देते हैं, इकतीस मीटर पर. सोमवार तक रिपोर्ट दे दीजिए, नीचे के गाँव वालों की मीटिंग भी है."

बोगद्याचं तोंड म्हणजे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याची वाट. आणि त्याच्या बरोबर खाली डोंगराच्या पायथ्याला वीस-पंचवीस घरांची वस्ती. काकांनी मान हलवली आणि तांब्यातलं पाणी उगीच बदलून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या आधीच शेडमध्ये आले होते. चार नंबरच्या पेट्या त्यांनी चौकीदाराकडून ओळीने मांडून घेतल्या होत्या. माझ्या हातात टेप देऊन म्हणाले, "तू मोज. मी नाही पाहत." आणि खरंच पेट्यांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी मोजत गेले. तीस मीटरपर्यंत बोटभराचाही फरक नव्हता. पुढच्या दोन पेट्यांत मात्र कांड्या जरा सैल मांडल्या होत्या. जवळ आणून जुळवल्या तर एका कांडीचं तुटलेलं टोक पुढच्या कांडीला बसेना. सगळं जुळवून मोजलं तर टिपणातल्या खोलीपेक्षा दीड हात कमी भरलं. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग म्हणाले, "काका, माझं काहीतरी चुकून राहिलं. दीड हात कमी येतं."

त्यांनी वळून पाहिलं नाही. म्हणाले, "तुझं माप बरोबर आहे. माझी सही चूक आहे."

मग त्यांनी सांगितलं. चार नंबरची नळी एकतिसाव्या मीटरला होती तेव्हा भोकातून वर येणारं पाणी लाल झालं. तो डोंगर लाव्हाच्या थरांचा. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो, सुका असला की घट्ट आणि पाणी लागलं की साबणासारखा. असा पट्टा दिसला की भूवैज्ञानिकाने जागा सोडायची नाही. नळीचं पाणी कमी करायचं, हळू फिरवायची, म्हणजे माती हाती लागते.

"मी पाहिलं पाणी. त्या लाल पाण्यात उभा होतो मी. पण नागपूरची बस होती, मुलगी पाहायला जायचं होतं. रजा घेतली नव्हती. ड्रिलरला म्हटलं, हळू चालव, आणि पळालो. दोन दिवसांनी आलो तर पेटी भरलेली. ड्रिलर म्हणे, साहब, सब मिल गया. मला माहीत होतं नाही मिळालं. मी हा ठोकळा कापला, पेटीत ठेवायला. तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली. ठोकळा ठेवला तर विचारणार, त्या दिवशी तुम्ही कुठे होता. खिशात टाकला. म्हटलं, साहेब गेले की ठेवू. मग धरणच रद्द झालं. म्हटलं, आता कोणाचं काय जाते."

मला एकदम काकूंचा ओटा आठवला. तो डोंगर मी पाहिला होता. वरची माती काळी, दगडही काळा. लाल रंग तिथे एकाच ठिकाणाहून येऊ शकत होता. तेवढ्यात काका वळले आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "हो. ते बूट."

त्यांनी खिशातून ठोकळा काढला. झिजून इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर पेन्सिल उठेना. शेवटी चौकीदाराकडून खिळा घेऊन त्यांनी आकडे कोरले, कुठून कुठपर्यंत मिळालं नाही ते. मग कांड्या सरकवून जागा केली आणि ठोकळा त्या जागी ठेवला. मला रडू येत होतं आणि त्याचबरोबर, खोटं काय बोलू, पाणी तेव्हा किती लाल होतं हे विचारावंसंही वाटत होतं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "सर, चालीस साल पुरानी बात है. किसने देखा?"

"मैंने देखा."

"लेकिन ये लिखेंगे तो आपके बाकी चार बोअर कौन मानेगा? हेड ऑफिस पूछेगा, आपकी साइन का मतलब क्या है."

"मत मानिए. सब नापिए. और चार नंबर के बगल में नया बोअर लगाइए."

उरलेले चार बोअर मीच मोजले, पहिल्या कांडीपासून शेवटच्या कांडीपर्यंत. नऊ दिवस लागले. प्रत्येक माप बरोबर होतं, प्रत्येक ठोकळा जागेवर होता. ते पाहून मला जितका आनंद झाला तितका स्वतःचा रिझल्ट पाहूनही झाला नव्हता. अहवालात काकांनी आपल्या हाताने लिहिलं, 'त्या दिवशी मी परवानगी न घेता जागा सोडून गेलो आणि हे लपवण्यासाठी चुकीच्या टिपणावर सही केली.' मॅनेजरने ते वाक्य सौम्य करायला सांगितलं. काकांनी एक शब्द हलू दिला नाही. गावकऱ्यांची मीटिंग पुढे ढकलावी लागली आणि हेड ऑफिसने नव्या बोअरनंतरच्या कामासाठी दुसरा सल्लागार पाहायला सांगितलं. ते पत्र काकांनी वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "नवा बोअर कधी?"

नवा बोअर लागला तेव्हा ते चार दिवस डोंगरावर एका मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी दिलेला डबा उघडायचे आणि अर्धा तसाच ठेवायचे. तिसाव्या मीटरनंतर त्यांनी नळीचं पाणी कमी करायला लावलं. ड्रिलर कंटाळला, पण ते मागेच उभे होते. दुपारी भोकातून येणारं काळपट पाणी तांबूस झालं, मग लाल. काका चालत गेले आणि पाणी साचलं होतं त्या खड्ड्यात बुटांसकट उभे राहिले.

नळी वर आली. काळ्या कांडीच्या खाली दीड हात लांबीची गेरूसारखी लाल कांडी, अख्खी. काकांनी तिला ब्रश लावला नाही. अंगठा दाबला, तर ठसा उमटला. जीभ लावली. चिकटली. "हीच," ते म्हणाले. बोगद्याचं तोंड डोंगराच्या दुसऱ्या अंगाला न्यायचं ठरलं, जिथे खाली वस्ती नाही आणि लाल पट्टाही नाही.

जीपने परतताना ते म्हणाले, "काकूला तू सांगते का?"

"नाही काका. तुम्ही सांगा."

"तिला वाटेल, तिच्यापायी झालं. चाळीस वर्षं तिला हसताना पाहून राहिलो त्या गोष्टीवर. आता ती गोष्टच मी खराब करणार."

म्हणजे त्यांना भीती होती ती हेड ऑफिसची नव्हतीच. हे मला तेव्हा कळलं.

दीक्षितपुऱ्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. काका जीपमधून उतरले. काकूंची नजर त्यांच्या बुटांवर गेली आणि चेहऱ्यावर ती सहा वेळा ऐकलेली गोष्ट सुरू व्हायच्या आधीचं हसू आलं. पण काकाच आधी बोलले. पायरीखाली उभं राहून, सगळं, पाणी लाल झालं तिथपासून ठोकळ्यापर्यंत. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी पाहिलं होतं, आणि तरी बस धरली."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "कोणाचं नुकसान झालं?"

"नाही. वेळेवर सापडलं."

"आणि तुमचं काम गेलं."

"हो."

काकू त्या बुटांकडे पाहत राहिल्या. काका बूट काढायला वाकले तशा म्हणाल्या, "राहू द्या. तसेच या आत. आईने दोनदा धुतला होता. मी नाही धुवत."

काका लाल पाय उमटवत ओट्यावर चढले. दारात थांबून त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ते जमेना. सवयीने त्यांचा हात शर्टाच्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.